आधी साठ ओहम मोजा

सरांची गाडी माझ्याकडे दुसऱ्यांदा टोचन होऊन आली, तेव्हा जुलैचा पाऊस लागून राहिला होता. कल्याण-शीळ रस्त्यावर, काटई नाक्याच्या अलीकडे, चालत्या गाडीत वेगाचा काटा एकाएकी शून्यावर आला. स्टिअरिंग जड झालं, मीटरमध्ये एबीएसचा आणि स्टिअरिंगचा दिवा एकदम लागला. सर सत्तरीचे, शेजारी काकू. त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि पुढे चालवली नाही, ते योग्यच केलं. फोनवर एवढंच म्हणाले, "दादा, आठ दिवसांपूर्वी तुम्ही हेच दुरुस्त केलं होतंत ना?"

केलं होतं. २८,००० रुपयांचं नवं एबीएस मॉड्यूल बसवून.

पहिल्या वेळी मी स्कॅनर लावला आणि इंजिनच्या ईसीयूमध्ये यू०१२१ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ, एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. मी तो वाचला 'एबीएस मॉड्यूल गेलं' असा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पलीकडून फोन उचलला जात नाही म्हणून घरात माणूस नाही असं आपण धरत नाही, मधली लाइनही बंद असू शकते. वाईट याचं वाटतं की गाडी गॅरेजमध्ये उभी असताना तेच जुनं मॉड्यूल स्कॅनरला नीट उत्तर देत होतं. जे उत्तर देतं ते मेलेलं नसतं. एवढं मला तेव्हा दिसायला हवं होतं. घाई नडली.

नवं मॉड्यूल बसवलं, कोड पुसले, गाडी ठणठणीत चालली. माझी खात्रीच पटली. खरं काय झालं होतं, तर मॉड्यूल बदलताना हार्नेस ओढला गेला होता आणि नेमकी पुढचे काही दिवस उघडीप मिळाली होती. ओल सुकली, सैल पिन जागेवर टेकली. उन्हाने केलेली दुरुस्ती मी माझ्या नावावर लावली आणि तिचे पैसे घेतले.

दुसऱ्या वेळी मात्र मी स्कॅनर बाजूला ठेवला आणि मल्टिमीटर घेतला.

ज्यांना हे काम नवं आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मी पद्मिनी आणि मारुती ८०० वर हात बसवला. तिथे एक दिवा, एक तार, एक स्विच. आताच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, मीटर या प्रत्येकाचा आपापला छोटा संगणक असतो आणि ते सगळे एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. यालाच कॅन लाइन म्हणतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉईटला जगापुढे मांडली, १९९१ मध्ये ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि आज कल्याणच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधल्या साध्या हॅचबॅकमध्येही आहे. वेगाचा आकडा एबीएसकडून याच तारांवरून मीटरला आणि स्टिअरिंगला जातो. म्हणून एक पिन सुटली की काटा पडतो आणि स्टिअरिंग जड होतं. तीन दिवे लागले म्हणजे तीन पार्ट गेले, असं नव्हे.

लाइन शांत असताना दोन्ही तारांवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलणं सुरू झालं की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून मधून मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. बॅटरीची वायर काढायची, मॉड्यूल झोपेपर्यंत काही मिनिटं थांबायचं आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावायचा. १२० आले तर एका टोकाचा संबंध तुटलाय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. ४० च्या आसपास आले तर बाहेरून कोणीतरी तिसरा रेझिस्टर लाइनीत आणलाय, बहुतेक नंतर जोडलेल्या एखाद्या उपकरणातून. काही गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे असतो. तिथे सॉकेटवरचा आकडा आतल्या लाइनचा नसतो, म्हणून त्या गाडीचा सर्किट डायग्राम आधी बघायचा.

सरांच्या गाडीत ६० आले. मी पुन्हा चुकणारच होतो. पण मीटर तसाच लावून ठेवला आणि मुलाला हार्नेस हळूहळू हलवायला सांगितला, बोनेटपासून आतपर्यंत. पुढच्या डाव्या सीटसमोर, पायाशी, प्लास्टिकच्या पट्टीमागे एक कपलर आहे. त्याला हात लागला आणि आकडा ६० वरून १२० वर गेला. सोडला की परत ६०. त्या गाडीत एका टोकाचा रेझिस्टर एबीएस मॉड्यूलमध्येच होता आणि तिकडे जाणारी तार याच कपलरमधून जात होती. कपलर उघडला. एका पिनेवर हिरवा थर, खाली कार्पेट ओलं. सरांना विचारलं तेव्हा कळलं, गाडी दोन पावसाळ्यांपूर्वी खाडीकडच्या रस्त्यावर पाण्यात अडकली होती. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

आपल्या भागात तर तो विचारायलाच हवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आमच्याकडे भिजलेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्यातल्या बऱ्याच वाळवून, तेल बदलून चालू झाल्या, कारण आत संगणक फारसे नव्हतेच. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली. त्यानंतरचं काम वेगळं होतं. गाडी वाळते, चालते आणि वर्षभराने दमट सकाळी एखादा दिवा लागतो. पाणी निघून गेलं तरी कपलरमध्ये काम करतच राहतं.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरलाय. आधी बॅटरी. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की मॉड्यूल क्षणभर गप्प होतात आणि संपर्क तुटल्याचे कोड मागे राहतात. किती चांगली मॉड्यूल केवळ म्हाताऱ्या बॅटरीपायी बदलली गेली असतील! मग सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचायचे आणि कोण कोणाबद्दल तक्रार करतंय ते कागदावर लिहायचं. सगळे एकाच्याच नावाने ओरडत असतील तर त्या एकाचा फ्यूज, सप्लाय, अर्थ आणि कपलर बघायचा. सगळेच सगळ्यांबद्दल ओरडत असतील तर मुख्य लाइन किंवा सप्लाय. अर्थ तपासताना नुसत्या बीपवर विसंबू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बीप देतो, पण भार पडला की तो धागा पुरत नाही. गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्यूलच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजा. ते शून्याच्या अगदी जवळ हवं.

नंतर जोडलेल्या वस्तू काढून बघा. म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, ओबीडी सॉकेटमध्ये खोचलेला ट्रॅकर. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात, त्यांचे दात कुठे लागलेत तेही शोधा.

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना दोन गोष्टी मी करू देत नाही. कॅनच्या तारेला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर लावायचा नाही. तार जोडायची असेल तर पीळ तसाच ठेवायचा, दोन्ही तारांची लांबी सारखी ठेवायची, दोन्ही जोड एकाच जागी आणायचे नाहीत आणि वर चिकटपट्टी न गुंडाळता हीट-श्रिंक नळी चढवायची.

सरांच्या गाडीची पिन बदलली, कार्पेट वाळवलं, जुनं मॉड्यूल परत बसवलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, दिवा लागलेला नाही. नवं मॉड्यूल दुकानदाराने परत घेतलं नाही, इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की कोणी घेत नाही. सरांचे २८,००० रुपये मी तीन हप्त्यांत परत केले. ते नको म्हणत होते, पण चूक माझी होती.

ठाण्यात, डोंबिवलीत, कुठेही तुमच्या गाडीचं मॉड्यूल गेलं असं कोणी सांगितलं, तर होकार देण्याआधी विचारा: बॅटरी तपासली का, अर्थ तपासला का, ६ आणि १४ वर किती ओहम आले? तो आकडा बिलाच्या मागे लिहून घ्या. गाडी कधी पाण्यात गेली असेल तर ते न विचारता सांगा. आणि पार्ट बदललाच, तर जुना पार्ट मागून घरी घेऊन या.