माती ओली आहे का? उपग्रहाला विचारा!

माझे आजोबा पेरणीआधी शेतात जायचे, मूठभर माती उचलायचे आणि दाबून बघायचे. माती हाताला चिकटली, तर थांबायचं. भुगा झाला, तर ओल कमी. लाडू वळला आणि बोटाने सहज फुटला, की म्हणायचे, "वापसा आला!" अंदाज चुकला तर बी वाया जायचं.

पण शेतं मैलोन्‌मैल पसरलेली असतील तर? किती ठिकाणी माती उचलणार? अशा वेळी उपग्रह मदत करतो. तो मातीला हात लावू शकत नाही, पण तिचं तापमान मोजू शकतो.

उन्हाळ्यात समुद्रकिनारी अनवाणी चालून बघा. कोरडी वाळू चटके देते, ओली वाळू गार लागते. कारण पाणी तापायला जास्त उष्णता लागते. शिवाय पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी असंच गार होतं. रात्री मात्र कोरडी माती पटकन थंड होते, ओली सावकाश. म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कोरड्या मातीत मोठा आणि ओल्या मातीत लहान असतो.

१९७०च्या दशकात ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी हे शेतात मोजून दाखवलं. १९७८ साली नासाने 'एचसीएमएम' हा छोटा उपग्रह सोडला. तो दुपारी दीडच्या आणि रात्री अडीचच्या सुमारास जमिनीचं तापमान मोजायचा.

अडचणी आहेतच. ढग आले की जमीन दिसत नाही. पीक दाट असेल तर मातीऐवजी पानांचं तापमान मिळतं. पण तेही उपयोगी पडतं! तहानलेलं झाड पानांतून कमी पाणी सोडतं, म्हणून पानं तापतात. २०१८ साली अंतराळ स्थानकावर बसवलेलं 'इकोस्ट्रेस' हे उपकरण झाडांचा हा 'ताप' मोजतं.

मुळांजवळची खोल ओल मात्र वरून थेट दिसत नाही. तिथे आजही माती उकरून बघता येते.

शब्दार्थ
ओल – मातीतलं पाणी
वापसा – पेरणीला योग्य अशी मातीची स्थिती. फार ओली नाही, फार कोरडी नाही
चटका – गरम वस्तू लागल्यावर होणारी जळजळ
अनवाणी – पायात चप्पल-बूट न घालता

प्रश्न
१. वापसा आला हे आजोबा कसं ओळखायचे?
२. दोन शेतांत एकाच प्रकारची माती आहे. 'अ' शेत दुपारी ५० अंश, रात्री १५ अंश. 'ब' शेत दुपारी ३२ अंश, रात्री १८ अंश. जास्त ओल कुठे? का?
३. तुमच्या घरी कोणी शेती करायचं का? आजी-आजोबांना फोन करून विचारा आणि पाच वाक्यं लिहा.