तळ्याचा गाळ म्हणजे पावसाची जुनी वही

मंडळी, जाळं ओढताना पायाला लागणारा काळा गाळ आपण धुऊन टाकतो. पण जुन्या पावसाची नोंद याच गाळात असते. ती कशी वाचतात ते आज पाहू.

पावसाळ्यात ओढ्याचं पाणी माती घेऊन तळ्यात येतं. पाण्याला जोर असला की जाड रेती येते, नसला की बारीक माती. नवा थर जुन्यावर बसतो, म्हणजे जितकं खोल तितकं जुनं. शास्त्रज्ञ तळात नळी ठोकून किंवा चर खणून हे थर न विस्कटता काढतात. त्यातले परागकण आणि गवताच्या पानांत तयार होणारे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ओलाव्यातली झाडं जास्त तर पाऊस चांगला, कोरड्या रानातलं गवत जास्त तर पाऊस कमी. थराचं वय कार्बन-१४ वरून काढतात. हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे उरला किती यावरून वय कळतं.

वडोदऱ्याजवळ डभोई तालुक्यात वढवाणा तलाव आहे. बांध सयाजीराव गायकवाडांच्या काळातला, पण तिथला गाळ त्याच्या कितीतरी आधीचा. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. सुमारे साडेसात ते साडेपाच हजार वर्षांपूर्वी इथे पाऊस भरपूर होता. पुढे तो घटत गेला आणि सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोठी कोरड पडली. हडप्पा संस्कृतीची शहरं ओस पडू लागली तोही साधारण हाच काळ.

बुलढाण्याच्या लोणार सरोवराचा गाळही तेच सांगतो. तिथे सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षण होतं. पाणी आटून खारं झालं की बनणारे स्फटिक त्या थरात सापडले.

कुणी म्हणेल, याचा आपल्याला काय उपयोग? आजोबांची आठवण ऐंशी वर्षांची, सरकारी नोंदी फार तर दीड-दोनशे वर्षांच्या. त्यावरून आपण म्हणतो, दोन वर्षं वाईट गेली की तिसऱ्या वर्षी तळं भरतंच. गाळ सांगतो की कोरड शेकडो वर्षंही टिकू शकते. म्हणून चांगल्या वर्षी थोडी शिल्लक टाकायची आणि एकाच तळ्यावर सगळा संसार ठेवायचा नाही.

आणखी एक. गाळ काढणं गरजेचं आहे, तळ्यात पाणी मावायला हवं. पण जेसीबीने एकदा थर कालवले की ही वही परत लावता येत नाही. जुन्या तळ्यात काम निघालं, तर आधी जवळच्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवू या.