धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, निर्गम २१:३३-३४, २ शमुवेल ४:४ व ९:१-१३, मत्तय ४:५-७, प्रेषितांची कृत्ये २०:७-१२.

पाठाचा उद्देश : लेकरांना अपघातापासून सांभाळणे हा केवळ संसारातला शहाणपणा नसून देवाने आपल्यावर सोपविलेले काम आहे हे समजून घेणे, आणि या आठवड्यात घरी त्याप्रमाणे निदान एक तरी गोष्ट करणे.



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात लहानसहान वाटणाऱ्या पुष्कळ आज्ञा आहेत. शेजाऱ्याचा बैल भटकलेला दिसला तर काय करावे, वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर काय करावे, अशा गोष्टींच्या ओळीत आठवे वचन येते. कोणी नवे घर बांधले तर त्याने धाब्याला कठडा करावा. नाही तर तेथून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. हे वचन घेऊन उपदेश झालेला आम्ही फारसा ऐकलेला नाही. पण ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ते दाराच्या चौकटीवर लिहून ठेवावे इतके ते मोलाचे आहे.

त्या देशातील घरांची छपरे सपाट असत आणि धाब्यावर माणसांचा वावर असे. राहाबेने धाब्यावर जवसाची ताटे पसरली होती. पेत्र यापोत धाब्यावर प्रार्थनेसाठी गेला होता. जेथे मोठी माणसे जातात तेथे मुले जाणारच. म्हणून देवाने धाब्यावर जाऊ नका असे सांगितले नाही, कठडा करा असे सांगितले.

या आज्ञेत तीन गोष्टी दिसतात. पहिली, कठडा घर बांधतानाच करावयाचा आहे, कोणी पडल्यावर नव्हे. दुसरी, जबाबदारी घरधन्याची आहे. पडणाऱ्याने नीट पाहावयास हवे होते, ही सबब देव ऐकत नाही. मग पडणारे तीन वर्षांचे मूल असेल तर ती कशी चालेल? तिसरी, कठडा फक्त घरच्या मुलांसाठी नाही. पाहुण्याचे, शेजाऱ्याचे, कामाला येणाऱ्या बाईचे मूल, कोणीही पडता कामा नये.

हीच गोष्ट निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्ड्याविषयी सांगितली आहे. खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई करावी. जनावरासाठी इतके, तर मुलासाठी किती? एप्रिल २०१७ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुक्यात सहा वर्षांची एक मुलगी पाणी न लागल्याने सोडून दिलेल्या उघड्या बोअरमध्ये पडली आणि मरण पावली. त्याआधी २०१० सालीच सर्वोच्च न्यायालयाने याविषयी स्पष्ट सूचना दिल्या होत्या : खोदकामाभोवती काटेरी तारेचे कुंपण घालावे, बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण पक्के बसवावे, निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकावी. मोशेच्या नियमशास्त्रात आणि आपल्या न्यायालयाच्या सूचनांत एकच गोष्ट आहे. उणीव राहिली ती झाकणाची.

देवाची इच्छा की आपली हयगय?

लहान मुलाच्या मूठमातीच्या वेळी आपल्यांत कोणी ना कोणी म्हणतो, "देवाची इच्छा होती." दु:खी आईबापांचे सांत्वन करावे हाच हेतू असतो, हे आम्ही जाणतो. मृत्यू व जीवन प्रभूच्या हाती आहे हेही आम्ही मानतो. परंतु जे कठड्याअभावी घडले ते देवाच्या नावावर लिहून मोकळे व्हावे, ही मुभा शास्त्र देत नाही. कठडा कर, ही देवाची प्रकट केलेली इच्छा आहे. ती न पाळता जे घडले त्याला त्याची इच्छा म्हणणे योग्य नव्हे.

दुसरे कोणी म्हणतात, "आम्ही रोज प्रार्थना करतो, प्रभू लेकरांना राखील." प्रार्थना अवश्य करावी. पण मत्तयाचा चौथा अध्याय काढून पाहा. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि देवदूत झेलतील असे स्तोत्रातील वचन दाखवून उडी टाकावयास सांगितले. वचन खरेच होते. तरी प्रभूने उडी टाकली नाही, कारण देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे. फिनेलची बाटली मुलाच्या हाताशी ठेवून देवदूतांवर भिस्त ठेवणे हे त्याच जातीचे आहे. विश्वासणारा माणूस प्रार्थना करतो आणि बाटली उचलून वर ठेवतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ज्यांच्या घरी असे दु:ख घडून गेले आहे त्यांच्याकडे बोट दाखविण्यासाठी हा पाठ नाही. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. ती दाई निष्ठुर नव्हती. ती त्याचा जीवच वाचवीत होती. शास्त्र तिला दोष देत नाही. पुढे दाविदाने त्याला शोधून आणले आणि आपल्या मेजावर नित्य बसविले. झालेल्या घटनेविषयी मंडळीचे काम दाविदासारखे आहे, आणि न झालेल्या घटनेविषयी घरधन्यासारखे. या दोहोंची गल्लत होऊ नये.

आपल्या घरांचे कठडे

आता आपल्या घरांत कठडा कोठे कोठे लागतो ते पाहू.

१. गच्ची, खिडकी व जिना. बडोद्यास १४ जानेवारीला उत्तरायणात सारे शहर गच्चीवर असते. पतंगाकडे पाहत मुले मागे मागे सरकतात. उन्हाळ्यात गच्चीवर निजणारी घरेही आपल्यांत आहेत. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेहून उंच असावा आणि दोन गजांमधील फट चार इंचांहून कमी असावी, म्हणजे मुलाचे डोके त्यातून जाणार नाही. कठड्याजवळ कुंड्या, खुर्ची, जुनी पेटी ठेवू नये. मूल त्यावर चढले की कठडा असून नसल्यासारखा होतो. तसेच खिडकीला लागून पलंग नसावा. जिन्याच्या वरच्या व खालच्या तोंडाशी लहानसे फाटक करावे.

२. पाणी. नळाला दिवसाआड पाणी येते अशा घरांत बादल्या, पिंपे, टब भरून ठेवावेच लागतात. रांगणाऱ्या मुलाचे डोके धडाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की तोल जाऊन पालथे पडते आणि वर येऊ शकत नाही. बुडायला चार बोटे पाणी पुरते, वेळही फार लागत नाही, आणि मूल ओरडत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतही कळत नाही. भरलेल्या भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे, रिकामी बादली पालथी घालावी, न्हाणीघराचे दार ओढून घ्यावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी ठरविला, इतका हा विषय जगभर गंभीर आहे. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. ही क्रिया वाचून येत नाही; जाणत्याकडून शिकून घ्यावी.

३. विस्तव व उकळते पाणी. आंघोळीच्या कढत पाण्याची बादली, जमिनीवर उतरलेले वरणाचे पातेले, मेजावरच्या कपड्याच्या टोकाला हात लागेल असा चहाचा कप, यांनी मुले भाजतात. बादलीत आधी गार पाणी घालावे, मग कढत. शेगडीवरील भांड्यांचे दांडे आत वळवावेत. भाजल्यावर ती जागा २० मिनिटे नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरावी. बांगडी, अंगठी, करदोटा सूज येण्याआधी काढावा. फोड फोडू नये. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. मग स्वच्छ कपड्याने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे.

४. विष. रॉकेल, थिनर, फिनेल, संडास धुण्याचे औषध, शेतातील कीटकनाशक ही शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नयेत. मूल अक्षर ओळखत नाही, बाटली ओळखते. आजीच्या उशाशी असलेल्या साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्याही कुलुपात ठेवाव्यात. मोठ्यांची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मुलाला औषध देताना ते खाऊ आहे असे सांगू नये. असे काही पोटात गेलेच तर ओकारी काढू नये, मीठपाणी पाजू नये. रॉकेल ओकारीबरोबर फुप्फुसांत शिरते आणि अधिक इजा करते. बाटली अथवा गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

५. घशात अडकणे. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नयेत. नाणी, मणी, फुटलेला फुगा हाताशी नसावा. खेळण्यातील किंवा रिमोटमधील चपटी बटणासारखी बॅटरी तर फार घातक. अन्ननळीत अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करते. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज बंद झाला, खोकता येईना, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास एका वर्षावरील मुलाच्या मागे बसून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच झटके द्यावेत. एका वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून थापा द्याव्यात व मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. त्याचे पोट दाबू नये. अडकलेली वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करीत राहावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत आणि घरातील मोठ्या मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

मंडळीचा कठडा

त्रोवस येथे माडीवरच्या खोलीत पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले. खिडकीत बसलेला युतुख झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने भाषण थांबविले, तो खाली उतरला आणि त्याने त्याला कवटाळले. देवाच्या दयेने त्या रात्री मुलगा जिवंत घरी गेला. या गोष्टीतून आम्ही एवढेच घेतो की, पवित्र सभेतही मूल पडू शकते, आणि मुलासाठी उपदेश थांबविणे हा उपदेशाचा अपमान नव्हे.

बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला प्रभूच्या मार्गात वाढविण्याचे वचन आईबापांबरोबर मंडळीही देते. ते वचन शब्बाथशाळेच्या वर्गात संपत नाही. मंदिराच्या आवारातील विहिरीला जाळी आहे काय? प्रीतिभोजनाच्या दिवशी रश्श्याचे पातेले मुले धावतात तेथेच ठेवलेले असते काय? नाताळच्या ताऱ्याला ओढलेली वायर उघडी आहे काय? मेणबत्तीच्या उपासनेत लहान मुलींच्या ओढण्यांकडे कोण पाहतो? सहलीला नदीवर किंवा समुद्रावर गेल्यावर मुले मोजण्याचे काम कोणावर सोपविले आहे? सर्वांवर सोपविलेले काम कोणीच करीत नाही, म्हणून प्रत्येक कामाला एका माणसाचे नाव असावे. पंचांनी व महिला मंडळाने मिळून वर्षातून एकदा आवारात फिरून अशी यादी करावी, असे आम्ही सुचवितो.

यास फार पैसा लागत नाही. झाकण, खिळा, कडी, कुलूप, उंच फळी एवढ्यावर बहुतेक कठडे होतात. लागते ते आधी विचार करणारे प्रेम. मूल पडल्यावर रडणारे प्रेम सर्वांजवळ असते. पडण्यापूर्वी खिळा ठोकणारे प्रेम शिकावे लागते, आणि तेच या आज्ञेत देव आपणांस शिकवीत आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

१. अनुवाद २२:८ वर्गात मोठ्याने वाचून घ्या. पुठ्ठ्याचे सपाट छपराचे घर करून आणा आणि मुलांना त्याला कठडा लावू द्या.

२. प्रत्येक मुलाला कागद द्या. घरी जाऊन, गुडघ्यांवर बसून, धाकट्या भावंडाच्या उंचीवरून घर पाहावे आणि हाताला लागणाऱ्या धोक्याच्या तीन वस्तू लिहून आणाव्यात.

३. मोठ्यांच्या वर्गात चर्चा करा : "प्रभू राखील" असे म्हणणे विश्वास केव्हा असते आणि देवाची परीक्षा पाहणे केव्हा होते?

४. मफीबोशेथाला दाविदाने मेजावर बसविले. आपल्या मंडळीत अपघाताने लेकरू गमावलेल्या किंवा लेकरू अपंग झालेल्या कुटुंबाला या महिन्यात कोण भेटेल?

प्रार्थना : हे बापा, तू आम्हांला लेकरे दिलीस आणि त्यांना सांभाळण्यासाठी हात व बुद्धीही दिलीस. जे उघडे आहे ते झाकण्यास, जे खाली आहे ते उचलून ठेवण्यास आम्हांला आजच उठव. ज्यांची मांडी रिकामी झाली त्यांच्याजवळ तू बैस, आणि आम्हांलाही त्यांच्याजवळ बसव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.