माशांची ऊ

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांच्या आसपास जागोजागी शेततळी दिसतात. साठविलेले पाणी उन्हाळ्यात बागेस देता यावे, हा त्यांचा मूळ हेतू. परंतु काही शेतकरी त्याच पाण्यात रोहू, कटला आणि मृगळ हे मासेही वाढवितात. नाशिककर गोदावरीला प्रेमाने गंगा म्हणतात खरे, पण हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले! त्यांची बोटाएवढी पिले विकत आणून तळ्यात सोडतात. ह्या पिलांना बोटुकली म्हणतात.

कधी कधी ह्या पिलांबरोबर एक न बोलावलेली पाहुणी तळ्यात येते. ती म्हणजे माशांची ऊ. तिचे शास्त्रीय नाव अर्ग्युलस. म्युलर ह्या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाच्या १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते आढळते. नावाने ऊ असली, तरी ही आपल्या डोक्यातील उवेच्या कुळातली नव्हे. तिचे नाते कोळंबी-खेकड्यांशी आहे. शरीर चपटे, वाटोळे, मसुराच्या डाळीएवढे आणि जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे माशाच्या अंगावर ती चटकन ओळखू येत नाही. पेल्यांसारख्या दोन चूषकांनी ती माशाला घट्ट चिकटते, सुईसारखा अवयव त्याच्या कातडीत खुपसते आणि रक्त शोषते. मासा बेचैन होतो, काठाला अंग घासतो, पाण्याबाहेर उसळ्या मारतो. पाहणाऱ्यास वाटावे, मासे खेळत आहेत! पुढे जखमांत बुरशी धरते, मासा खाईनासा होतो आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट वाया जाण्याची वेळ येते.

नद्यांतही ही ऊ असते. पण तेथे मासे दूरदूर विखुरलेले असतात. तळ्यात ते दाटीने राहतात, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाण्यास तिला फारसे पोहावे लागत नाही. बरे, विष ओतून तिला मारावे, तर मासेही मरावयाचे आणि तेच पाणी बागेत जावयाचे.

उपाय तिच्याच जीवनक्रमात दडलेला आहे. मादी माशावर अंडी घालीत नाही. त्यासाठी ती मासा सोडून दगड, काठी, फळी अशा कठीण वस्तूंकडे जाते व तेथे अंडी ओळीने चिकटविते. हे जाणून मत्स्यपालक तळ्यात लाकडी फळ्या किंवा बांबू बुडवून ठेवतात. अंडी फुटण्यास आठवड्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात फळ्या वर काढावयाच्या, कडक उन्हात वाळवावयाच्या आणि पुन्हा पाण्यात सोडावयाच्या. सुकलेली अंडी मरतात. मासे काढून घेतल्यावर वैशाखात बागेने पाणी पिऊन टाकले, की तळ्याचा तळही उन्हात तापतो आणि उरलीसुरली अंडी तेथेच वाळून जातात.