दहा बाय दहाच्या खोलीतली जिम

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एखादी ताई हमखास म्हणते, "जिमला पैसे कुठून आणायचे?" आम्ही म्हणतो, विहारापर्यंत चालत तर चला! आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं झपझप. पाऊस असेल तर घरातच हात न टेकवता खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा. नातवंडं हसतील, मग तीही करू लागतील.

ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा अंडं. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागतं; चहा तासाभरानं घ्या. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा चमचाभर. पापड-लोणचंही त्यातच धरा!

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट. घरातली बाई शेवटी, उरलंसुरलं खाते. मग थकवा, चक्कर, अंगात रक्त कमी. असं होत असेल, चालताना दम लागत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि आजपासून सगळे एकत्र जेवा. बाबासाहेबांची समता ताटातही दिसू द्या.