परसदाराची आखणी, परवानगी आणि खर्च
(कुंभकोणम् येथील एका घराच्या उदाहरणावरून)

महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो आणि लोक अंगण सारवावयास घेतात. तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे ह्याच सुमारास खरा पावसाळा सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरील बाष्प घेऊन येतात आणि वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत पडतो. नगर वसले आहे कावेरी आणि तिची शाखा अरसलार ह्यांच्या मधल्या सपाट, गाळाच्या प्रदेशात. जमिनीला नैसर्गिक उतार फार थोडा. अशा ठिकाणी घराभोवतालची मोकळी जागा सजवावयाची म्हणजे प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : येथे पडलेले पाणी जाणार कोठे?

जुन्या घरांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविलेला दिसतो. रस्त्याकडेला उंच ओटा, त्यास तमिळमध्ये तिण्णै म्हणतात; आत उघडा चौक, तो मुट्रम; आणि पाठीमागे विहीर व झाडे असलेले परसदार, ते कोल्लै. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन् ह्यांचे शारंगपाणि सन्निधी रस्त्यावरील घर स्मारक म्हणून जपलेले आहे. त्याचा ओटा आजही पाहावयास मिळतो. मराठी वाचकास ही रचना परकी वाटणार नाही, कारण वाड्याच्या चौकाशी तिचे नाते सहज ध्यानात येते. तंजावर येथे १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि ह्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले टी. माधवराव ह्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच झाला.

आता एक कल्पित घर घेऊ. परसदार ६ मीटर रुंद व १० मीटर लांब आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. छपराचा ४० चौरस मीटर भाग ह्याच बाजूस उतरतो. मालकास तेथे बसावयास फरसबंदी जागा, वेलींचा मांडव आणि थोडी फुलझाडे हवी आहेत.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला असता एक लिटर पाणी होते, हे गणित ध्यानात ठेवावे. एखाद्या जोराच्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर छप्पर आणि परसदार मिळून १०० चौरस मीटरांवर १०,००० लिटर पाणी पडेल. सर्व जागा फरशीने झाकली तर त्यातील सुमारे नऊ दशांश, म्हणजे ९,००० लिटर, काही तासांत वाहून जाण्यास वाट मागेल. फरसबंदी २० चौरस मीटरच केली आणि ४० चौरस मीटर माती उघडी ठेवली, तर छप्पर व फरशी ह्यांवरून ५,४०० लिटरच वाहते. मातीवरील ४,००० लिटरांपैकी काही मुरते, काही वाहते.

किती मुरते, हे मातीवरून ठरते व त्याची परीक्षा घरीच करता येते. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरून पातळी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहावे. चिकणमातीत ती फार सावकाश उतरते. ही परीक्षा एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात करावी. मेट्टूर धरणातून कालव्यांस पाणी सोडण्याचा परिपाठाचा दिवस १२ जून हा आहे. नदीला पाणी आले की आसपासच्या विहिरींची पातळी वर येते व जमिनीत मुरण्यास जागा कमी उरते.

पाणी जिरविण्याच्या खड्ड्याविषयी पुष्कळांची कल्पना अवास्तव असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व दीड मीटर खोल खड्डा दगड-विटांच्या तुकड्यांनी भरला, तर त्यात पोकळी सुमारे एक तृतीयांश राहते. म्हणजे त्यात एका वेळी ५०० लिटर पाणी मावते. वर काढलेल्या ५,४०० लिटरांच्या तो दहावा हिस्साही नव्हे. खड्डा अवश्य करावा; पावसाचे पाणी साठविण्याची वा जिरविण्याची सोय तामिळनाडूत २००३ पासून इमारतींस सक्तीची आहे. परंतु खड्डा भरल्यावर वरचे पाणी चरातून गटारापर्यंत गेलेच पाहिजे. त्यासाठी शंभरास एक असा उतार धरला, तर १० मीटर लांबीस १० सेंटिमीटर उंचीचा फरक लागतो. गवंड्याच्या पाणसळीने हा फरक खरोखर मिळतो की नाही, हे काम ठरविण्यापूर्वी पाहावे. रस्त्यावर डांबराचे थर वरचेवर चढत गेल्याने जुन्या घरांची अंगणे गटाराहून खाली गेलेली कित्येक ठिकाणी आढळतात. मग मालक भर घालून आपले अंगण उंच करतो आणि पाणी भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याच्या घरात शिरते. ह्यातून उद्‌भवणारे तंटे फरशीच्या किमतीहून महाग पडतात.

परवानगीचा विचार मोजणीनंतर व खर्चाच्या अंदाजापूर्वी करावा. कुंभकोणमची नगरपालिका १८६६ साली स्थापन झाली; २०२१ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. बांधकामास २०१९ चे तामिळनाडूचे एकत्रित विकास व इमारत नियम लागू आहेत. जागेचा मालकीपत्र, म्हणजे पट्टा, आणि मोजणीखात्याचा नकाशा जवळ असल्यावाचून कचेरीत जाण्यात अर्थ नाही. कुंड्या, वाफे, माती ह्यांविषयी सहसा कोणी विचारीत नाही. पण पक्के छप्पर, उंच कुंपणभिंत किंवा पाण्याची टाकी ही बांधकामे होत, आणि इमारतीभोवती मोकळी सोडावयाची जागा पक्क्या छपराखाली गेली तर ती मोकळी राहत नाही. २०२४ साली राज्याने २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांसाठी स्वयंप्रमाणनाची सोय केली. तीमुळे कागदपत्रांचा प्रवास सोपा झाला. नियम मात्र सैल झालेले नाहीत.

कुंभकोणमलगत दारासुरम् येथे आणखी एक मर्यादा येते. तेथील ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी बांधले गेले व २००४ पासून ते जागतिक वारशात समाविष्ट आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरांत पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तेथे घर असणाऱ्याने विटांच्या खांबांऐवजी हादग्याच्या झाडांवर वेल चढविणे शहाणपणाचे. ह्या भागातील पानमळेवाले नागवेलीस हाच आधार देत आले आहेत. कुंभकोणमच्या विड्याच्या पानास २०२५ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र तुंबलेल्या पाण्यात ह्या वेलीची मुळे कुजतात, म्हणजे पुन्हा उताराचाच प्रश्न.

खर्चाचा अंदाज रुपयांपासून नव्हे, परिमाणापासून सुरू करावा. २० चौरस मीटर फरसबंदीस २० गुणिले १० सेंटिमीटर मापाच्या आडव्या विटा दर चौरस मीटरास ५० प्रमाणे १,००० लागतात. मोडतोडीसाठी ५० अधिक धराव्या. विटांखाली ५ सेंटिमीटर वाळूचा थर द्यावयाचा तर एक घनमीटर वाळू हवी. १० चौरस मीटर वाफ्यात १५ सेंटिमीटर चांगली माती भरावयास दीड घनमीटर माती लागते. खड्ड्यातून दीड घनमीटर माती निघते. पण खणलेली माती फुगते, म्हणून सुमारे दोन घनमीटरांची वाहतूक धरावी. हा राडारोडा अरुंद गल्लीतून डोक्यावरून न्यावा लागला तर मजुरी वाढते, आणि हीच बाब अंदाजपत्रकात हटकून विसरली जाते. प्रत्येक परिमाणास त्या आठवड्याचा स्थानिक दर लावावा, नकाशाचे व परवान्याचे शुल्क मिळवावे आणि एकूण रकमेचा एक दशांश अनपेक्षित कामासाठी बाजूला ठेवावा.

पैसा अपुरा असल्यास काम दोन वर्षांत विभागता येते. पहिल्या वर्षी जमिनीखालचे सर्व काम करावे : चर, नळ, खड्डा. फरशी व मांडव दुसऱ्या वर्षी. मधल्या पावसाळ्यात पाणी कोठे साचते ते डोळ्यांनी दिसते आणि आराखडा फुकटात दुरुस्त होतो. गवंडीकाम जानेवारी ते मे ह्या काळात उरकावे. रोपे ईशान्य पावसाच्या आरंभी लावावी, म्हणजे ती पुढील एप्रिल-मेच्या उन्हापूर्वी मूळ धरतात. त्या पहिल्या उन्हाळ्याच्या पाण्याचा खर्चही अंदाजात असावा. नारळाचा मोह ६ मीटर रुंदीच्या जागेत टाळलेला बरा, कारण त्यास एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत साडेसात मीटर अंतर देण्याची शिफारस आहे. कढीलिंब, जाई, अबोली, एखादी केळ एवढ्याने परसदार भरते. प्रतिवर्षी सप्टेंबरात खड्ड्याच्या वरच्या थरातील गाळ काढावा, पन्हाळीतील पाने उपसावी आणि चरात बादलीभर पाणी ओतून ते गटारापर्यंत पोचते की नाही हे पाहून घ्यावे.