टर्नटेबलखालचा स्पंज

मागच्या वेळी भारतातून येताना वडिलांच्या काही एलपी कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणल्या. पण अमेरिकेतलं आमचं घर लाकडी. मुलगी खोलीतून धावली की सुई उडायची. पुण्याच्या घरी सिमेंटच्या स्लॅबवर असं कधी झालं नव्हतं. या तबकड्या पुन्हा मिळणाऱ्या नाहीत, ओरखडा पडला तर पडलाच. म्हणून टर्नटेबलखाली जाड स्पंज घातला. आणि सुई आणखीच उडू लागली!

असं का झालं? आधी एक छोटा प्रयोग करा. रबरबँडला कुलूप अडकवा आणि वरचं टोक हातात धरा. हात अगदी सावकाश वरखाली केलात तर कुलूप हाताबरोबर जातं. थोडा वेग वाढवा, एका ठरावीक लयीला ते हातापेक्षा जास्त उसळतं. आता हात भरभर हलवा. कुलूप जवळजवळ जागेवरच राहतं.

ती मधली लय म्हणजे त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता. स्प्रिंग असो वा स्पंज, या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनंच तो अडवतो. तिच्या आसपासची कंपनं तो उलट वाढवतो.

ही वारंवारता काढायला फक्त पट्टी लागते. वजन ठेवल्यावर आधार किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येईल. (स्पंज, रबर यांच्या बाबतीत हा अंदाजच समजा.) माझा स्पंज २.५ मिलिमीटर दबला होता. उत्तर आलं १० हर्ट्झ. आता गंमत पाहा: सुईचा दांडा आणि काट्रिज यांची स्वतःची वारंवारता बहुधा ८ ते १२ हर्ट्झ ठेवलेली असते. म्हणजे झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यायची सोय मीच केली होती!

मग २५ मिलिमीटर दबणारी मऊ स्प्रिंग लावली तर? वारंवारता येते सुमारे ३.२ हर्ट्झ. हा मार्ग जुना आहे. एडगर विल्चर यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या टर्नटेबलमध्ये फिरती थाळी आणि सुईचा दांडा एकाच कडक सांगाड्यावर बसवून तो सांगाडा तीन मऊ स्प्रिंगांवर तोलला होता. सुईला फक्त खाचेच्या तुलनेतली हालचाल कळते. दोघं एकत्र हलली तर तिला फरक पडत नाही. खाच साधारण ५० मायक्रॉन रुंद असते, तिथे हे फार मोलाचं.

पण चालताना आपली सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात. इतक्या संथ हालचालीला ३ हर्ट्झची स्प्रिंगही अडवत नाही. जमीन डुलली की टर्नटेबलही डुलणार. तिथे उपाय एकच, जमिनीशी संबंधच तोडायचा. मी भिंतीतल्या लाकडी खांबांना घट्ट स्क्रू करून एक फळी बसवली आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवलं. स्पीकर मात्र त्या फळीवर ठेवू नका. त्यांचा आवाज सुईला हलवतो, ती हालचाल पुन्हा स्पीकरमधून मोठी होऊन येते आणि घुमारा सुरू होतो.

आता मुलगी धावते, सुई खाचेतच राहते. तुमच्या टर्नटेबलखाली काय आहे? पट्टी घ्या, मोजा आणि आकडा आम्हाला कळवा.